मत्स्यपेटीतील हिरवळ आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर
(मंडळाच्या छंद-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे शोभेचे मासे आहेत. आता काहींना पेटीत खऱ्या वनस्पती लावायची हौस आली आहे. प्रश्न सगळ्यांचा एकच, "दुकानातल्यासारखी हिरवळ आमच्याकडे का होत नाही?"

कारण बहुधा कार्बन डायऑक्साइडची कमतरता. हवेतून पाण्यात तो लिटरला एक मिलिग्रॅमसुद्धा उतरत नाही. नुसता उजेड वाढवला तर शेवाळाचेच फावते. म्हणून हा वायू बाहेरून सोडतात, लिटरला साधारण ३० मिलिग्रॅमपर्यंत. झाडांना हे खाद्य. अति झाले तर माशांना मात्र विष.

जोडणी अशी: सिलिंडर, दाब उतरवणारा रेग्युलेटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, नीडल व्हॉल्व्ह, बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह आणि पाण्यात डिफ्यूजर. चेक व्हॉल्व्ह नसला तर वायू थांबल्यावर पाणी नळीतून उलटे येते. सोलेनॉइड वीज गेल्यावर आपोआप बंद होणारा घ्यावा. टायमर लावून वायू दिव्यांच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधीच बंद करावा. रात्री झाडेही प्राणवायूच घेतात, तेव्हा वायू सोडण्यात नुकसानच आहे.

सुरुवात दोन सेकंदांना एका बुडबुड्याने करा, आणि तीही सुट्टीच्या दिवशी, घरी असताना. पेटीत ड्रॉप चेकर लावा. त्यात पेटीतले पाणी नको. ४ अंश कार्बोनेट काठिण्याचे तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घाला. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे धोका. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, म्हणून घाईने व्हॉल्व्ह फिरवू नका. मासे वर येऊन तोंड वासू लागले तर रंगाची वाट न पाहता वायू बंद करा, हवेचा पंप लावा, थोडे पाणी बदला.

आता माणसांविषयी. २ किलोच्या भरलेल्या सिलिंडरमधून सुमारे १,१०० लिटर वायू निघतो. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंच बंद खोलीत तो सगळा सुटला, तर हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर जाते. एवढे प्रमाण जिवाला तत्काळ धोक्याचे मानतात. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड, जमिनीलगत साचणारा, आणि त्याला वासही नाही. तेव्हा मुले झोपतात त्या बंद खोलीत सिलिंडर ठेवूच नका. तो उभा, साखळीने बांधलेला, उन्हापासून दूर असावा. प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासा.

सिलिंडर मान्यताप्राप्त घ्या. ही मान्यता देणारी 'पेसो' ही केंद्रीय संस्था आपल्या नागपूरचीच. हायड्रोटेस्टची तारीख पाहूनच भरून घ्या, आणि "थोडा जास्त भरा" असा आग्रह धरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दाब झपाट्याने चढतो.

शेवटचे एक. आत द्रवरूप वायू असेपर्यंत दाबाचा काटा जवळजवळ हलत नाही, म्हणून शिल्लक वजनावरून ओळखा. काटा उतरू लागला की सिलिंडर लगेच बदला. एकटप्पी रेग्युलेटर असेल तर सिलिंडर संपता संपता वायू एकदम जास्त सुटू शकतो, आणि सकाळी ठणठणीत असलेली पेटी संध्याकाळपर्यंत मोकळी होते.

हिरवळीला चार आठवडे उशीर झाला तरी चालेल, घाई नको. कोणाला जोडणी करताना सोबत हवी असेल तर हक्काने बोलवा.