बी पेरलं, पण नर निघाला तर? हॉप्स आणि आपलं जायफळ

सावर्ड्याहून बोलतोय. बागायतीच्या आपल्या गप्पांमध्ये आज एका वेगळ्याच वेलीचा विषय आहे. एका तरुण श्रोत्याने विचारलंय, "ऑनलाइन हॉप्सचं बी मिळतं. मागवून लावू का? बिअरवाले घेतील ना?"

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेल. भांगेच्या कुळातली. दोरीवर सोडली की एका हंगामात पाच-सहा मीटर चढते. कामाला येतो तो मादी वेलीवरचा शंकूसारखा फुलोरा. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते, सगळा माल त्या भुकटीत.

बी रुजवायचं असेल तर ते ओल्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून पाच-सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रीझरमध्ये नाही हां, खालच्या कप्प्यात. थंडी सरली असं बियाला वाटलं की मग ते रुजतं. (घरात सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ते मसाल्याचं समजून डाळीत टाकेल.)

पण रुजलं म्हणजे पिकलं नव्हे. हॉप्सची वेल दिवसाची लांबी मोजते. तिला उन्हाळ्यात पंधरा-सोळा तासांचा उजेड लागतो, म्हणून तिची मोठी लागवड जर्मनीत आणि अमेरिकेच्या वायव्य भागात आहे. आपल्याकडे हिमाचलातल्या लाहौलमध्ये ती झाली. सावर्ड्याचा जूनमधला सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या जरा वर, आणि त्याच वेळी वर धो धो पाऊस. अशा आखूड दिवसात वेल पुरती चढायच्या आधीच फुलावर येते, तीही तुरळक. कुंडीत हौसेने एक लावा, मी नको म्हणणार नाही. त्यावर कर्ज मात्र काढू नका.

आता मुद्द्याचं. समजा हवामान जुळलं असतं, तरी बी लावून शेती झाली नसती. हॉप्समध्ये नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. बियातून दोन्ही येतात, आणि मादी आली तरी ती आईसारखी असेलच असं नाही. म्हणून शेतकरी मादी वेलीच्या मुळकांडाचे तुकडे लावतो. बी पेरतो तो संशोधक. अमेरिकेतली 'कॅस्केड' ही प्रसिद्ध जात 1956 साली गोळा केलेल्या बियातून निघाली आणि शेतकऱ्याच्या हाती पडली 1972 मध्ये. मध्ये सोळा वर्षं! योगायोग बघा, आपलं दापोलीचं कृषी विद्यापीठही 1972 चंच.

आणि इथेच मला जायफळ आठवतं, कारण त्याचंही अगदी असंच. माडा-पोफळीच्या सावलीत आपण जायफळ लावतो. झाडाखाली पडलेलं ताजं बी रुजतंही छान. सुकलं की मात्र फुकट. मग मनात येतं, कलमाला पैसे कशाला घालवायचे? पण बियाच्या झाडांत साधारण निम्मे नर, आणि ते कळतं पहिलं फूल आल्यावर. त्याला सहा-सात वर्षं जातात! हॉप्सचा नर वर्षा-दोन वर्षांत कळतो, उपटून टाकला की झालं. जायफळाला तुम्ही सात वर्षं पाणी घातलेलं असतं, शेण घातलेलं असतं, आणि दहातली पाच झाडं नुसती सावली देतात. पानावरून नर-मादी सांगणारे भेटतात. त्यांच्या शब्दावर बाग उभी करू नका.

म्हणून कलमच घ्या. दापोलीच्या विद्यापीठाच्या कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती या जाती आहेत. घेताना दोन गोष्टी विचारा. एक, कलमाची काडी मादी झाडाचीच आहे ना? दोन, काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची की आडव्या फांदीची? आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरतं. माडाच्या दोन ओळींत ते चालतं, पोफळीच्या दाटीत जागा खातं. आणि सगळीच मादी नकोत. दहा माद्यांमागे एक नर ठेवावाच लागतो, नाहीतर फळधारणा कशी होणार?

ज्यांची बियाची झाडं आधीच मोठी झालीत, त्यांनी आता फुलं बघावीत. नराची फुलं बारीक, घोसात येतात. मादीचं फूल जरा जाड, मडक्यासारखं, बहुधा एकेकटं. शंका आली तर ब्लेडने उभं चिरा: आत तळाशी गोल अंडाशय दिसला तर मादी. नर निघाला म्हणून लगेच कुऱ्हाड उचलू नका. त्याची मुळं सात वर्षांची आहेत, ती कामाला लावता येतात. खोड वरून छाटायचं, बुंध्यावर नवे धुमारे फुटू द्यायचे आणि त्यातल्या जोमदार धुमाऱ्यांवर मादीच्या काडीचं कलम बांधायचं. हात बसलेला कलम बांधणारा मात्र हवा. छाटण्यापूर्वी त्याला बोलावून झाड दाखवा, आणि कुठला नर राखायचा त्याला आजच रंगाचा पट्टा मारून ठेवा.