नळीबाहेरून रक्ताचा दाब

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतकरी पाटाच्या काठी उभा राहूनच पुष्कळ काही जाणतो. पाणी चढू लागले की पुढे कोठे तरी तुंबले आहे. एकाएकी उतरले की बांध फुटला आहे.

ह्याच गावांतील मूत्रपिंडे निकामी झालेल्या कित्येकांना आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी तंजावरची वाट धरावी लागते. तेथे सुमारे चार तास त्यांचे रक्त नळीवाटे बाहेर येते, गाळणीतून शुद्ध होते आणि परत शरीरात जाते. मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त वाहते. माणसाच्या अंगात सारे मिळून ते असते पाच लिटरच्या आसपास. परतीची सुई निसटली, तर काही मिनिटांतच प्राणांवर बेतते. म्हणून नळीतील दाबावर अखंड लक्ष ठेवावे लागते.

रूढ पद्धतीत मुख्य नळीला बारीक फाटा काढून त्यातील हवेच्या द्वारे दाब मोजतात. परंतु हवेशी संबंध येताच रक्त गोठू पाहते. आणि ते फाट्यात चढले, तर आकडा खोटा पडतो. मग रक्ताला स्पर्श न करता दाब कळेल काय?

वैद्यकाने हा प्रश्न पूर्वी एकदा सोडविला आहे. 1733 साली स्टीफन हेल्स ह्यांनी घोडीच्या धमनीत नळी घालून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्त आठ फुटांहून वर चढले होते. 1896 साली रिव्हा-रोची ह्यांनी दंडाला पट्टा बांधून बाहेरूनच दाब मोजला. आता यंत्राच्या नळीसही तोच न्याय लावला जात आहे. नळीचा एक भाग संवेदकावर घट्ट बसवितात. आतील दाबाने तिची भिंत जो रेटा देते, तो संवेदक मोजतो. अडचण एवढीच, की दाबून धरलेले प्लास्टिक हळूहळू सैलावते आणि उष्णतेने मऊ पडते. दाब तोच राहूनही आकडा सरकतो. तो फरक हिशेबात धरावाच लागतो.

तथापि, आकडा अचूक असला तरी तो सर्वज्ञ नव्हे. निसटलेल्या सुईच्या अरुंद छिद्राचा अडथळा कायमच असतो. त्यामुळे दाब थोडाच उतरतो, आणि धोक्याची घंटा कधी वाजतही नाही. ह्यास्तव सुया टोचलेला हात पांघरुणाखाली झाकू नये. परिचारिकेच्या दृष्टीस तो सतत पडला पाहिजे.