कोण कोठें गेलें?
(ज्युबिलीनिमित्त पेडगांव येथें जमलेल्या तरुणांपुढें केलेलें भाषण)



आनंदाच्या दिवशीं मनुष्यविक्रयासारखा उदास विषय कां काढला, असें आपणांस वाटेल. परंतु आपल्या पेडगांवास रेल्वेचें स्टेशन आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गानें आपलीं माणसें कामाच्या शोधार्थ दूर जातात, आणि कोणाचें लेंकरूं कोणाबरोबर गेलें याची नोंद कोणाजवळच नसते.

मनुष्यविक्रय म्हणजे हातपाय बांधून नेणें, अशी आपली समजूत. नेणारा बहुधा ओळखीचा असतो. तो गोड बोलतो, उचल देतो, नोकरीचें किंवा लग्नाचें आमिष दाखवितो. कायद्यानेंहि हें जाणलें आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमाप्रमाणें शोषणासाठीं आमिष दाखवून नेणें हाहि मनुष्यविक्रयच, आणि नेलेल्याची संमति तेथें विचारांत घेतली जात नाहीं. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यांतील कुटुंबें ऊसतोडीस निघतात. उचल घेणें हा गुन्हा नव्हे. पण ती फिटेपर्यंत माणसास अडकवून ठेवणें १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्यानें गुन्हा आहे. मुकादम तेवढे सगळे वाईट, असें मात्र कोणी समजूं नये.

धर्मग्रामाचा युवक संघ, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना, वसतिगृह, गांवची बालसंरक्षण समिति, हीं सर्व तरुणांसाठीं झटतात. परंतु एकमेकांस विचारीत नाहींत. मुलगी आठ दिवस शाळेंत आली नाहीं हें मास्तरांस ठाऊक असतें, आणि तिच्या घरीं परका पाहुणा येऊन गेला हें शेजारणीस. या दोन गोष्टी एके ठिकाणीं येतात त्या महिन्यानंतर.

याच मार्गावरील मनमाडची हकीकत ऐका. २०२३ च्या मे महिन्यांत बिहारहून येणाऱ्या गाडींतून ५९ मुलांना मनमाड व भुसावळ येथें उतरवून घेण्यांत आलें. तीं मजुरीसाठीं नेलीं जात आहेत अशा संशयावरून बरोबरच्या पांच शिक्षकांस अटक झाली. मुलें मदरशांत शिकावयास चाललीं होतीं! शिक्षकांनीं सुमारें महिनाभर तुरुंग भोगला. मुलें कित्येक दिवस आश्रयगृहांत राहिलीं. २०२४ सालीं पोलिसांनीं गैरसमज झाल्याचें नमूद करून प्रकरण मिटविलें. उतरविणाऱ्यांचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. पण निघाल्या गांवच्या एखाद्या संघाजवळ नांवांची यादी असती, तर एका टेलिफोनानें उलगडा होण्यासारखा होता. शिवाय परधर्मीयावर संशय लवकर बसतो. हा दोष आपणांतहि आहे.

म्हणून सर्व मंडळांनीं मिळून एक वही ठेवावी. कोण निघालें, कोणाबरोबर, कोठें, पोंचल्याचा निरोप केव्हां आला, एवढेंच तींत लिहावें. ती चावडीवर वाचूं नये. दोघा विश्वासू माणसांच्या हातीं असावी. निरोप न आल्यास आधीं घरीं विचारावें. संशय टिकला तर तरुणांनीं स्वतः पाठलाग न करितां, मूल अठरा वर्षांखालील असल्यास १०९८ वर कळवावें. ही सोय १९९६ सालीं मुंबईंत सुरू झाली. सोडविलेलें मूल चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे, असा २०१५ चा कायदा आहे.

संत जोसेफिन बखिता हिला लहानपणीं सुदानांत पळवून वारंवार विकण्यांत आलें. भयानें ती स्वतःचें नांवहि विसरली. बखिता हें नांव तिला पळविणाऱ्यांनीं दिलें. तिचा सण ८ फेब्रुवारीस येतो. तोंपर्यंत वहीचीं पहिलीं पानें भरावींत. आज मिस्सेनंतर व्हरांड्यांत दोन तरुण वही घेऊन बसतील. आपल्या घरचें कोणी बाहेरगांवीं असेल, तर त्याचें नांव त्यांस सांगून जावें.