नळापासून विधानसभेपर्यंत : मृणाल गोरे यांची वाटचाल
(अभ्यासवर्गातील भाषण)

लोकप्रतिनिधीची कारकीर्द आपण बहुधा पदांच्या शिडीवरून मोजतो : आधी नगरसेवक, मग आमदार, मग खासदार. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्या मृणालताई गोरे (१९२८–२०१२) आपल्या पक्षाच्या नव्हत्या; त्या समाजवादी होत्या. तरीही त्यांची वाटचाल आपण बारकाईने अभ्यासली पाहिजे, कारण त्या ज्या प्रश्नामागे गेल्या, त्या प्रश्नानेच त्यांना एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात नेले.

वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या चळवळीत आल्या. पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्यासह त्यांनी गोरेगाव ही कर्मभूमी मानली. तेव्हा गोरेगाव मुंबईबाहेर होते आणि तेथे ग्रामपंचायत होती. मृणालताईंचे पहिले सार्वजनिक पद या पंचायतीतले. १९५७ साली बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली व गोरेगाव शहरात आले. मात्र शहराचे पाणी त्या वेगाने आले नाही. १९५८ साली बंडू गोरे यांचे निधन झाले. पदरी लहान मुलगी असतानाही मृणालताई खचल्या नाहीत. १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या.

पाण्यासाठी त्यांनी काढलेल्या मोर्चांमुळे जनतेने त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. परंतु केवळ त्या नावावर थांबलो, तर आपण मर्म गमावू. मुंबई महानगरपालिकेचा मूळ कायदा १८८८ सालचा, म्हणजे ब्रिटिश राजवटीतला. त्यानुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती असते आणि आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते. नगरसेवक प्रश्न विचारतो, ठराव मांडतो, अंदाजपत्रकावर बोलतो. पण जमीन कोणाची, झोपडी अधिकृत की अनधिकृत, तिला नळ द्यायचा की नाही, याची अनेक उत्तरे शेवटी मंत्रालयात ठरतात. नळापाशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला ही वर्गीय व्यवस्था पुस्तकाआधी अनुभवातून कळते.

म्हणून १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या, तेव्हा तो त्याच लढ्याचा पुढचा टप्पा होता. त्या निवडणुकीत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या होत्या. विरोधी बाके जवळजवळ ओस होती, राज्य भीषण दुष्काळात होरपळत होते. सभागृहात संख्याबळ नसेल तर ते रस्त्यावर उभे करावे लागते, हे ओळखून त्याच वर्षी महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती स्थापन झाली. मृणालताईंबरोबर तीत अहिल्या रांगणेकर होत्या आणि आपल्या पक्षाच्या कॉम्रेड तारा रेड्डीही होत्या. हातात लाटणे घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर आल्या. धान्य, तेल आणि रॉकेल हे स्वयंपाकघरातले विषय राज्याच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. तीन पक्षांच्या स्त्रियांनी मतभेद न लपवता ही एकजूट घडविली होती.

येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९७५ साली आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत झाल्या, पुढे पकडल्या गेल्या व तुरुंगात राहिल्या. आपल्या पक्षाने मात्र त्या आणीबाणीला पाठिंबा दिला होता. १९७८ च्या भटिंडा महाअधिवेशनात पक्षाने ती चूक मान्य केली. पण महागाईविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेल्यांपैकी काही गजाआड असताना आपण कोठे होतो, हा प्रश्न ठरावाने मिटत नाही. पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यांना तो माहीत असला पाहिजे.

१९७७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या. केंद्रातील मंत्रिपद त्यांनी स्वीकारले नाही. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. मुंबईतील महिला संघटना तेव्हा गर्भलिंगनिदानाविरुद्ध झगडत होत्या. १९८६ साली मृणालताईंनी हा विषय विधेयकाच्या रूपाने सभागृहात नेला आणि १९८८ साली महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला. देशातील असा तो पहिला कायदा. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ साली झाला. त्याच काळात नागरी निवारा परिषदेच्या माध्यमातून गोरगरिबांच्या घरांसाठी त्या लढत होत्या. शहरातील अतिरिक्त जमीन बिल्डरांच्या घशात न जाता घरांसाठी मिळावी, ही त्यांची मागणी होती.

कॉम्रेड्स, आपले साथी जेथे नगरपालिकेत निवडून येतात, तेथे दोन मोह समोर येतात. दाखले आणि शिफारशी वाटत बसणे हा पहिला. वॉर्डाकडे पाठ फिरवून केवळ मोठ्या घोषणा करणे हा दुसरा. मृणालताईंची कारकीर्द या दोन्हींना उत्तर देते. कोरड्या नळापासून सुरुवात करा. तो कोरडा का, हे विचारत जा. उत्तर आयुक्ताकडे असेल तर तेथे आणि मंत्रालयात असेल तर तेथे धडका. मात्र जाताना वस्तीला सोबत न्या. वस्तीला मागे ठेवून सभागृहात गेलेला प्रतिनिधी तेथे एकटाच बोलतो, आणि एकट्याचे बोलणे दडपणे सरकारला कधीच जड गेलेले नाही.