ताईचा डाव
(गणेशोत्सवात केलेले भाषण)

आम्ही दोघे भाऊ शिवाजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आजोबांकडून बुद्धिबळ शिकलो, तेही देशी नियमांनी: प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार आणि शह न लागलेला राजा एकदा घोड्यासारखी उडी मारणार. शाळेच्या स्पर्धेत ती उडी मारली आणि चांगलंच हसं झालं.

ताईला मात्र कुणी शिकवलं नाही. चहा घेऊन आली की ती पटाकडे बघत उभी राहायची. एकदा कप ठेवता ठेवता म्हणाली, "तुझा वजीर मरतोय." खरंच मरत होता! तरी आम्ही तिला 'बस' म्हटलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९७६ साली, मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली होती. आणि २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

आता रविवारी आम्ही मुलांना शिकवतो. सगळा पट मांडत नाही. आधी नुसते राजे आणि प्यादी. प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं की मुलं ओरडतात, गोडी तिथूनच लागते. चाल परत घ्यायची नाही. आजोबा घेऊ द्यायचे, म्हणून आम्ही विचार करायला उशिरा शिकलो.

वर्गात नऊ मुलगे आहेत आणि मुली दोनच. मुलींनाही पाठवा, ही विनंती.

गेल्या रविवारी ताई येऊन मागे बसली. म्हणाली, "बाकी सगळं येतं रे. किल्लेकोट तेवढा शिकव, आजोबांच्या डावात तो नव्हता."