रेंज कुठल्या खोलीत येते?

व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हापासून लोक मला वाटेत गाठतायत. "बाकी राहू द्या हो, कुठलं सिमकार्ड घेऊ तेवढं सांगा." मी उलट विचारतो, "फोनवर बोलता कुठे बसून?" माणूस नाराज होतो. त्याला कंपनीचं नाव हवं असतं, आणि मी त्याच्या घराच्या भिंतींची चौकशी करत असतो.

दापोली तालुक्यात माझ्या मावशीचं घर आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर कौलं, मागे डोंगर. तिचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओटीवरच्या खिडकीच्या गजाला टांगलेला असतो. वाजला की तिथे जायचं आणि तिथेच उभं राहून बोलायचं. शेजारीण त्या कोपऱ्याला 'मावशीचा एसटीडी बूथ' म्हणते. गेल्या मे महिन्यात मी तिच्याच कंपनीचं कार्ड माझ्या फोनमध्ये घालून घरभर फिरलो. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमधल्या 'सिम स्टेटस'मध्ये सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो. शून्याकडे जितका जवळ, तितकी रेंज चांगली. ओटीवर उणे ९५ होता, माजघरात उणे ११५. हा वीसचा फरक वजाबाकीचा नव्हे बरं का. माजघरात ओटीच्या शंभराव्या हिश्शाएवढीच शक्ती पोचत होती! पडद्यावरच्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे ज्याचा तो फोनवाला ठरवतो.

आता भिंतीपलीकडे काय जातं ते पाहू. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. ५जीसाठी वापरतात त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका वेळी भरपूर डेटा वाहून नेता येतो, पण भिंत आडवी आली की त्या लहरी लवकर दमतात. शिवाय हे पट्टे कंपन्या एकदम देशभरासाठी घेत नाहीत, लिलाव सर्कलनुसार, म्हणजे विभागवार होतो. मुंबईचं सर्कल वेगळं. दापोली येते महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. म्हणून परळला झकास चालणारं कार्ड घेऊन चाकरमानी गणपतीला गावी येतो आणि अंगणात फोन उंच धरून फिरतो. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. त्याच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते जरूर पाहा. पण नकाशाला तुमचं माजघर ठाऊक नसतं.

स्वस्ताईचंही तसंच. आमच्या भाच्याने मावशीसाठी स्वस्त पॅकचं कार्ड आणलं. कंपनीकडे २जी नाहीच, आणि मावशीचा बटणांचा फोन २जीचा. फोन मुका! शेवटी ४जीचा बटणांचा फोन घ्यावा लागला, म्हणजे वाचलेले पैसे तिकडे गेले. 'महिन्याचा' म्हणून आपण मारतो तो रिचार्ज बहुधा २८ दिवसांचा असतो. समजा तो २०० रुपयांचा आहे. वर्षात तो तेरा वेळा मारावा लागतो, म्हणजे २४०० नव्हे, २६०० रुपये. पॅकची किंमत दिवसांनी भागून पाहा. २०२२पासून ३० दिवसांचा निदान एक पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ज्यांना नेट लागतच नाही त्यांच्यासाठी नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायलाही ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये सांगितलं. दुकानदार ते आपणहून दाखवील अशी आशा धरू नका.

दोन कंपन्यांची दोन कार्डं ठेवली की निर्धास्त, असं मलाही वाटायचं. पण टॉवर पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीचा असतो. इंडस टॉवर्ससारख्या कंपन्या मनोरा उभारतात आणि दूरसंचार कंपन्या त्यावर भाड्याने अँटेना लावतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, वीज गेली. टॉवरची बॅटरी काही तासांची. पुढे डिझेल लागतं, आणि रस्त्यांवर झाडं आडवी. एकाच टॉवरवर टांगलेली दोन कार्डं अशा वेळी एकदमच गप्प होतात. दुसरं कार्ड घेताना त्याची रेंज कुठल्या डोंगरावरून येते, ते गावातल्या वायरमनला विचारा.

आणि पोर्ट करण्याआधी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याआधी, कुणा पाहुण्याचं कार्ड दोन दिवस आपल्या फोनमध्ये घालून पाहा, जमलं तर भर पावसात. वर्षाचा पॅक आधीच मारून बसू नका. नंबर हलवला की उरलेले दिवस बुडतात. नव्या कंपनीत गेल्यावर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. बाकी काम सोपं: १९००वर पोर्टचा एसएमएस पाठवायचा, येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो.

मावशीचं पोर्ट झालं. माजघरात आता उणे १०२ मिळतात. तरी फोन अजून गजालाच आहे. मी विचारलं, तर म्हणाली, "आत ठेवला तर कोणीही कधीही फोन करील रे."