हप्ते, पुंजी आणि गावचं घर

(1988 च्या दहावीच्या तुकडीच्या मालवण येथील स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'कर्ज आणि निवृत्ती' असा विषय दिला, तेव्हा मी म्हटलं, लोक येणार मासे खायला आणि गजाली मारायला, त्यांना व्याजाचे दर कोण ऐकवणार? उत्तर आलं, 'तूच. बँकेत 28 वर्षं काढलीस ना, मग आता आमच्यासाठी 20 मिनिटं काढ.' बाई समोर बसल्यात, त्यामुळे गणित चुकून चालणार नाही.

आपण सगळे 53 च्या आसपास आहोत. खाजगी नोकरीत असलेल्यांना 58 ला घरी बसायचंय, म्हणजे हातात पाचेक वर्षं. आणि कालपासून मी गप्पांमध्ये ऐकतेय: कुणाच्या मुंबईच्या फ्लॅटचे 9 वर्षांचे हप्ते बाकी, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज घेतलेलं, कुणाच्या डोक्यात गावचं घर पाडून नवीन बांधायचं. आणि शेवटी सगळ्यांचं एकच वाक्य, 'बघूया मगे.' हे 'मगे' आता फार लांब राहिलेलं नाही.

1982 आठवा. आपण चौथीत होतो. 18 जानेवारीला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा थांबला. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आपले वडील, काका गावी परत आले. ज्या घराच्या डोक्यावर कर्ज नव्हतं, ते घर भात, आंबा, काजू आणि मासळीवर कसंबसं तरलं. ज्या घराचे दागिने सावकाराकडे होते, तिथले दागिने बहुतेक परत आले नाहीत. शेकडा तीन रुपये, म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. आज आपण सावकाराला नावं ठेवतो आणि खिशात क्रेडिट कार्ड ठेवतो. कार्डावर बाकी ठेवली तर व्याज तेवढंच, कधी त्याहून जास्त पडतं. 'किमान रक्कम' भरली की फक्त दंड टळतो. व्याज चालूच राहतं.

तेव्हा पहिली गोष्ट. कर्ज फेडू की निवृत्तीसाठी साठवू, हा प्रश्न सगळ्या कर्जांना मिळून एकदम विचारायचाच नाही. कार्ड, ॲपवरचं कर्ज, चौदा-पंधरा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज असेल तर आधी ते. कुठलीही मुदतठेव तुम्हाला तेवढं व्याज देत नाही. सात टक्क्यांची एफडी जपून ठेवायची आणि पंधरा टक्क्यांचा हप्ता भरत राहायचं, असं करणारी शिकली-सवरलेली माणसं मी काउंटरवर रोज पाहिली. त्यांना एफडी मोडायला सांगितलं की घरातलं मंगळसूत्र मागितल्यासारखी बघायची.

गृहकर्जाची गोष्ट वेगळी. 20 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं. हप्ता येतो 17,356 रुपये. पहिल्या हप्त्यात 14,167 रुपये नुसतं व्याज आणि मुद्दलात जातात तीन हजार एकशे नव्वदच्या आत. वीस वर्षांत साडेएक्केचाळीस लाखांच्या वर भरणा होतो. आता दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरा, बोनस, आंब्याचे पैसे, काही असो. तेच कर्ज साडेसोळा-पावणेसतरा वर्षांत संपतं. व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर दंड नाही, 2012 पासून. तरी अजून लोक विचारतात, 'पेनल्टी किती लागतली?'

आणखी एक. 2021 मध्ये ज्यांनी पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं, त्यांचा दर 2023 पर्यंत नऊवर गेला. बँकेने हप्ता बदलला नाही, म्हणून खूश. पण 20 लाखांवर पावणेसातने हप्ता होता 15,207. कर्ज तेवढंच धरलं तर नऊ टक्क्यांनी नुसतं व्याजच होतं 15,000. म्हणजे हप्ता भरताय, पण कर्ज जागचं हलत नाही आणि मुदत मात्र गुपचूप तुमच्या निवृत्तीच्या पलीकडे गेलेली. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलं पाहिजे. तुम्ही आपणहून विचारा: 'माझा शेवटचा हप्ता कुठल्या तारखेला?' ती तारीख आणि तुमची निवृत्तीची तारीख एका कागदावर लिहा. माझ्या मते सगळ्या हिशेबात महत्त्वाचा कागद तोच.

मग साठवणं बंद करून सगळं कर्जात घालायचं का? नाही. पीएफ कापला जातोय, मालक तेवढीच भर घालतोय, त्याला हात लावू नका. आठ टक्क्यांनी पैसा 15 वर्षांत तिपटीहून जास्त होतो. तो काढून साडेआठचं कर्ज फेडण्यात अर्धा टक्का मिळतो आणि म्हातारपणची शिदोरी जाते. त्यातून ईपीएसच्या पेन्शनवर कुणी भिस्त ठेवू नये. 15,000 रुपयांच्या पगारमर्यादेवर भरणा झालेल्याला तीस वर्षांच्या नोकरीनंतरही महिन्याला सात हजारांच्या पुढे मिळत नाही. सात हजारांत नवरा-बायको, बीपीच्या गोळ्या आणि गॅस भागवून दाखवा. शिक्षक, सरकारी नोकर मित्रांनो, नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांनी इथे जरा हसून घ्या. बाकीचे तुमच्याकडे बघतायत.

आता मासेमारी करणाऱ्या आणि हॉटेल चालवणाऱ्या मित्रांचं. यांना ना पीएफ, ना ठरलेला पगार. 1 जून ते 31 जुलै बंदी, होड्या वर ओढलेल्या. आणि बँकेचा हप्ता येतो तो बारा महिने सारखा. किनाऱ्यावरच्या शाखेत असताना मी बघायचे, जूनमध्ये सोनं तारण ठेवायला रांग आणि नारळी पौर्णिमेनंतर, चतुर्थीच्या आत सोडवायला धावपळ. चतुर्थीला बायकोच्या गळ्यात काही नाही, हे कुणालाच चालत नाही. एका रापणकराने मात्र नोव्हेंबर ते मेपर्यंत दर आठवड्याला थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकायला सुरुवात केली, जून-जुलैचे हप्ते तिथूनच जायचे. दोन पावसाळ्यांनंतर त्याची बायको सोनं ठेवायला आली नाही. ती भेटली की मला सुरमई द्यायची. मी पैसे देऊनच घ्यायचे, नोंद असू दे. तारकर्ली-देवबागला न्याहारी-निवासासाठी खोल्या बांधलेल्यांनीही हेच करावं. मे आणि डिसेंबर बघून हप्ता ठरवू नका, आषाढ बघून ठरवा. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा सीझनचे ते दिवसही गेले, हे विसरलात का?

जमिनीच्या आणि चिऱ्याच्या घराबद्दल बोलले नाही तर मी मालवणची कसली! 'घर बांधूचा आसा' हे आपल्या प्रत्येकाचं स्वप्न आहे, माझंही. पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी हातात पडल्यावर सगळी रक्कम दुमजली घरात घालायची, वर्षातून चतुर्थी आणि मे मिळून वीस दिवस राहायचं आणि उरलेले दिवस शेजाऱ्याला चावी देऊन वाळवीवर लक्ष ठेवायला सांगायचं, हा हिशेब मला पटत नाही. वडिलांची वास्तू दुरुस्त करा, कौलं शाकारा, एक चांगलं बाथरूम बांधा. भावांची नावं सातबारावर आणि घरपत्रकावर कशी आहेत ते आधी बघा, नाहीतर तुमची पुंजी सामाईक भिंतीत जाते. आणि शिल्लक ठेवा, कारण अचानक काही झालं तर आपल्याला अजूनही बांबोळी गाठावी लागते. पैसे भिंतीत असले तर रुग्णवाहिकेचं भाडं कुठून देणार?

एक अप्रिय विषय. जामीन. 'तू फक्त सही कर' म्हणणारा मेहुणा सगळ्यांना असतो. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. पतसंस्था वसुलीला आधी त्याच्याकडे गेली पाहिजे, तुमच्याकडे नाही, असा तुमचा समज असतो. पगार तुमचा असतो म्हणून तुमच्याकडे येते. पन्नाशीनंतर नवीन जामीन राहू नये, असं मी स्पष्ट सांगते. राग आला तर मेहुण्याला माझा नंबर द्या. आणि निवृत्तीची रक्कम पतसंस्थेत एक टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. त्यापेक्षा साठीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना बघा. सध्या 8.2 टक्के, मर्यादा 30 लाख. 15 लाख ठेवले तर दर तिमाहीला 30,750 रुपये हातात येतात, पाच वर्षं दर बदलत नाही. व्याजावर कर आहे, तो धरून चाला.

मुलांच्या लग्नाबद्दल बोलणार होते, पण इथे तीन विहीणबाई होऊ घातलेल्या बसल्यात, तेव्हा नको. एवढंच म्हणते, शिक्षणाला कर्ज मिळतं, ते मूल नोकरीला लागल्यावर फेडू शकतं. तुमच्या म्हातारपणाला तसं कर्ज सहजासहजी मिळत नाही.

उद्या सकाळी चिवल्याला फिरून आल्यावर मी न्याहारीच्या टेबलावर दोन तास बसणार आहे. कर्जाचं स्टेटमेंट, पीएफचं पासबुक आणि चष्मा घेऊन या. नवऱ्याला किंवा बायकोलाही आणा, कारण अर्ध्या घरांत एकाला दुसऱ्याचं कर्ज माहीतच नसतं. कुणाचं काही बाहेर जाणार नाही, 28 वर्षं तेच केलंय. आता आचारी मघापासून मला खुणावतोय, सोलकढी तयार आहे.